असं कोणी इथं राहत नाही

४ सप्टेंबर, गुरुवार

आज आईनं मला पुन्हा मलम विकलं. या आठवड्यात सातव्यांदा.

आई जाऊन पाच महिने झाले. मी संगणकावर माझ्याच दैनिकाचं पान उघडून माझीच न्यायालयातली बातमी वाचत होतो (छापून झाल्यावर चुका शोधायची जुनी खोड), तेवढ्यात उजव्या कोपऱ्यात चौकट फडफडली आणि आईचा आवाज आला, "चला रे दोघांनो, पुरे झाली सुट्टी!" दोघे म्हणजे तिचे गुडघे. जन्मभर गणित शिकवलेली बाई. गुडघ्यांना ती शेवटच्या बाकावरची कार्टी समजायची आणि खुर्चीतून उठताना अशी हाक मारायची. तिच्या हाकेमागोमाग एक तुपाळ पुरुषी आवाज मलमाचं नाव सांगतो. मग दोन म्हाताऱ्या, आमच्या कोणी नव्हेत, टेकडी चढतात.

हे घरातलं बोलणं घराबाहेर नेलं आमच्या धाकट्यानं, म्हणजे माझ्या भावानं. तो जाहिरात कंपनीत आहे आणि आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. आई असताना त्यानं ते टिपून घेतलं. आई एप्रिलमध्ये गेली, जाहिरात जूनमध्ये आली. कुळाचा उद्धार करणारे पुत्र असतात, हा कुळाचा प्रसार करणारा निघाला.

जूनपासून मी त्याच्याशी बोलत नाही. पण अबोल्यात एक मूलभूत उणीव आहे: समोरच्याला तो ऐकू येत नाही. काहीतरी ठोस करायला हवं.

६ सप्टेंबर, शनिवार

कचेरीतल्या संगणक विभागाच्या बाईंना गाठलं. आम्ही सगळे त्यांना यंत्रबाई म्हणतो, त्यांच्यासमोरसुद्धा. म्हटलं, एक जाहिरात ठार मारायची आहे.

"एकच?"

"एकीसाठी सगळ्या मेल्या तरी चालेल."

"तुमच्या घरी ते साठवणीचं यंत्र आहे ना, कायम चालू असणारं?"

आहे. त्यात माझी तीस वर्षांची कात्रणं आणि घराचे फोटो आहेत. जिन्याखाली कपाटात बसून ते गुणगुणत असतं. आम्ही त्याला कोठार म्हणतो.

"मग त्याच्यावरच बसवा की. एकेका मोबाइलमध्ये काय डास मारत बसता? घराचंच नाक दाबा."

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत असं. घरातल्या कुठल्याही यंत्राला एखाद्या संकेतस्थळावर जायचं असलं की ते आधी एका कारकुनाला पत्ता विचारतं. हा कारकून आजवर बाहेरचा होता. आता तो आपण कोठारात नेमायचा आणि त्याच्या हातात एक काळी यादी द्यायची. यादीतल्या कुणाचाही पत्ता विचारला की त्यानं चष्म्यावरून बघून सांगायचं, असं कोणी इथं राहत नाही. संपलं. जाहिरात दारापर्यंतसुद्धा पोचत नाही.

"पण साहेब, आपल्या पेपरच्याही जाहिराती दिसायच्या नाहीत हं."

"नकोत दिसायला. खाली बातमी उरते का तेही एकदा बघू."

शठं प्रति शाठ्यम्. घरी येताना मी शीळ घालत होतो म्हणे. बायकोनं सांगितलं.

७ सप्टेंबर, रविवार

दिवसभर कपाटापुढे मांडी घालून बसलो. स्थापनेच्या सूचना म्हणजे निव्वळ सूत्रवाङ्मय: अक्षरं थोडी, अर्थ अपार. भाष्यकार तिघे सापडले, तिघांची मतं तीन, आणि तिसरा पहिल्या दोघांना मूर्ख म्हणतो. विद्यार्थिदशेची आठवण झाली.

बायको रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. तिला कुठलंही यंत्र उघडं पडलेलं बघवत नाही.

"काय काढलंय हे?"

"शत्रूची कुंडली."

"शत्रू वरच्या मजल्यावर राहतो. जिना पंधरा पायऱ्यांचा आहे. चढा, दोन शब्द बोला, या खाली. एवढ्या वायरी कशाला?"

राउटरमध्ये जुन्या कारकुनाचा पत्ता खोडून कोठाराचा घातला आणि दैनिकाचं पान उघडलं. कोपऱ्यात पांढरी चौकट, स्वच्छ, पुसलेल्या पाटीसारखी. संपूर्ण घर, वरचा मजला धरून, एका क्षणात निर्जाहिरात झालं. मी बायकोला हाक मारून ते पांढरेपण दाखवलं. "छान," म्हणाली, "आता कपाटाचं दार लावा."

८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी वीज गेली, आली, आणि घरात इंटरनेट नाही. खाली नाही, वर नाही. धाकट्याची बायको मोबाइलवरून शिवण शिकवते, तिचा वर्ग खोळंबला. यंत्रबाईंना फोन केला.

"कोठाराचा पत्ता कायमचा करून दिला होतात?"

"नाही."

"मग तुमचा कारकून भाड्याच्या घरात राहतोय. वीज गेली, बिऱ्हाड बदललं. लोक जुन्या पत्त्यावर जाऊन कडी वाजवतायत."

कायमचा पत्ता करून दिला. कारकून आता मालकीच्या घरात.

१० सप्टेंबर, बुधवार

तयार काळ्या यादीत लाखो नावं आहेत. पण मला ही जाहिरात चुकून अडलेली नको होती. ती नाव घेऊन, माझ्या हातानं अडवलेली हवी होती. त्यासाठी ती नेमकी कुठून येते ते शोधायला हवं, आणि त्यासाठी अडथळा काढून ती पुन्हा पुन्हा वाजवून कोठाराच्या नोंदवहीत काय उमटतं ते बघायला हवं. बायको कामावर गेल्यावर हे केलं. बावीस वेळा.

अठराव्या वेळी लक्षात आलं की 'दोघांनो' आणि 'पुरे'च्या मधे ती किंचित थांबून श्वास घेते. तपासाच्या दृष्टीनं ही गोष्ट निरुपयोगी आहे. तरी लिहून ठेवतो.

शेवटी तीन पत्ते सापडले: एक जाहिरात पुरवणाऱ्यांचा, एक मलम कंपनीचा स्वतःचा, आणि एक मधला, ज्याच्यातून त्यांच्या पत्रांतले दुवे जातात. तिन्ही यादीत घातले. वेल मुळासकट उपटावा, पान खुडून काय होतं?

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आजचा दिवस सोन्याचा. नोंदवहीत कोणत्या यंत्रानं कोणता पत्ता विचारला ते वेळेसह दिसतं. धाकट्याचा मोबाइल: सकाळी सहा वाजून दहा मिनिटं, मलम कंपनीचं संकेतस्थळ. नकार. सहा अकरा, नकार. सहा चौदा, सहा वीस, नकार, नकार.

म्हणजे साहेब सकाळी डोळे उघडले की दात घासण्याआधी आपल्या पराक्रमाचं दर्शन घेतात! घ्या आता. माझा कारकून दारात उभा आहे. चहा दोन कप प्यालो.

१५ सप्टेंबर, सोमवार

चार दिवसांचे नकार: चार, सहा, नऊ, अकरा. याला तडफड म्हणतात.

संध्याकाळी भावजय खाली आली. कडेला उभं राहून बोलायची तिची सवय, जणू आमच्या घरात खुर्च्या नाहीत.

"दादा, तुम्हाला मलमवाल्यांचा मेल येईल. यांनी पाठवायला लावलाय. बघाल ना?"

"कशाबद्दल?"

"आईंच्या आवाजाचं. यांनी त्यांचं केलं, तुमचं राहिलंय. दोघांचं लागतं म्हणे. तीस तारखेच्या आत."

"त्याला तोंड नाही का?"

"तोंड आहे हो, पण तुम्हाला कान आहेत का, असं विचारत होते."

पोरगी तिखट आहे, मला आवडते. पण दोघांचं काय लागतं ते मी विचारलं नाही. कळतंच आहे. गुडघे झाले, आता कंबर. पहिल्या मलमाला मला विचारलं नव्हतं. दुसऱ्याला थोरल्याची मोहोर हवी. मी म्हटलं, "बघतो." बघतो म्हणजे काय ते तिलाही समजलं असावं, कारण ती जिन्यात जरा थांबली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आला मेल. विषय: 'आपल्या मातोश्रींच्या आवाजाच्या वापराबाबत.' खाली चार ओळींचा मध आणि एक निळं बटण, 'आपला निर्णय कळवा.' निर्णय! मातोश्री! हा शब्द त्यांनी कुठून उचलला देव जाणे. आईला कोणी मातोश्री म्हटलं असतं, तर तिनं आधी त्याचे गुण कापले असते.

बटण दाबलं नाही. मेल ठेवून दिला, पुरावा म्हणून.

२३ सप्टेंबर, मंगळवार

बायको जेवताना म्हणाली, "धाकट्याच्या डोळ्यांखाली काळं आलंय."

"पश्चात्तापाची काजळी."

"ते तुमच्या बातम्यांत लिहा. त्याला झोप लागत नाहीये. तो मेल बघितलात का?"

"त्यांना आणखी एक जाहिरात करायची आहे."

"असं लिहिलंय त्यात?"

"अर्थ तोच."

"अर्थ नाही विचारला मी. लिहिलंय काय?"

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाशी वाद घालू नये. त्यांना नमुना लागतो, आपल्याकडे निदान तयार असतं.

आजचे नकार: सतरा.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज बटण दाबलं. बायकोनं दोनदा विचारलं होतं, आणि कुतूहल हा माझा व्यवसाय आहे. पान कोरं. क्षणभर कळेना, मग नोंदवही उघडली आणि मोठ्यानं हसलो. मधला पत्ता! मीच घातलेला. माझ्या कारकुनानं मलाच अडवलं. स्वामिनिष्ठा असावी तर अशी, की स्वामीचीही गय नाही.

अडथळा काढायला एक टिचकी पुरे होती. टिचकीवर बोट होतं. मग वाटलं, ज्या घरात त्यांना मज्जाव आहे त्या घरातून त्यांना उत्तर तरी का जावं? माझं मौन हेच माझं उत्तर. बोट उचललं.

बायकोला सांगितलं, "उघडत नाही."

"उघडत नाही, की उघडायचं नाही?"

"पान कोरं येतंय, दाखवू?"

तिनं येऊन बघितलं. पान कोरंच होतं.

३० सप्टेंबर, मंगळवार

तीस तारीख. धाकट्याच्या मोबाइलवरून आज एकतीस नकार. शेवटचा सकाळी आठ वाजता, मग तो कामावर गेला. संध्याकाळी पुन्हा काही नाही. शत्रूनं शस्त्र खाली ठेवलं असं समजून मी कोठारावरची धूळ पुसली.

२ ऑक्टोबर, गुरुवार

धाकटा आज खाली आला. चार महिन्यांनी. दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. वडील घरात असले की लहानपणी असाच उभा राहायचा. बायको म्हणाली, "ये रे, बस." तो बसला नाही.

"दादा, एकच विचारतो. तू मुद्दाम भरलं नाहीस का?"

चार महिन्यांचा अबोला मोडायचा तर पहिलं वाक्य वजनदार हवं, असं मी ठरवलं होतं. तोंडून निघालं, "काय?"

"आक्षेप. आईच्या आवाजाला. मुदत वाढवायची असली की कंपनीला वारसांना विचारावं लागतं. दोघांनीही नको म्हटलं तर जाहिरात बंद. एकाचं जरी उत्तर आलं नाही, तरी हरकत नाही असं धरतात. आईच म्हणाली होती करार करताना, दोघांना विचारा, एकट्याला नाही. म्हणून ते कलम घातलं."

"आईला माहीत होतं?"

"तिनंच चार वेळा बोलून दाखवलं, तेव्हा कुठं तिला ते पसंत पडलं. हसत होती. ती असताना मजा होती रे ती. मग ती गेली आणि यांनी जूनमध्ये सोडली. मी दुसऱ्याच दिवशी गेलो, म्हटलं थांबवा. म्हणाले, वर्ष पुरं होईपर्यंत नाही. म्हणून तीस तारखेची वाट बघत होतो. आमच्या कंपनीच्या लिफ्टमध्ये पडदा आहे, दादा. रोज सात मजले मी आईबरोबर चढतो. आणि बाजूला उभे असलेले लोक हसतात."

बायकोनं खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"रोज सकाळी उठून बघायचो, तू भरलंस का. इथून ते पान उघडायचंच नाही. कामावर जाऊन बघायचो. माझ्या नावापुढे खूण, तुझा रकाना कोरा. परवा मुदत संपली. काल पत्र आलं, वर्षभर वाढवली म्हणून." मग म्हणाला, "मला वाटलं होतं, तुलाही नकोय. म्हणून तर बोलत नव्हतास."

"नकोच आहे."

"मग?"

बायको माझ्याकडे बघत होती. रक्ताच्या नळीकडे बघतात तशी.

मी म्हटलं, "मेल बहुधा आलाच नाही."

बायको उठून आत गेली.

धाकट्यानं मान हलवली. "असेल. त्यांची पत्रं कुठं कुठं जाऊन पडतात." जाताना वळून म्हणाला, "तू कोठारावर काहीतरी बसवलंयस ना, जाहिराती अडवायचं? बरं केलंस. घरात पाऊल टाकलं की निदान ते ऐकावं लागत नाही. मला आधी सुचायला हवं होतं."

म्हणजे त्यानं माझे आभार मानले.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

मलम कंपनीला तीन फोन केले. तिन्ही वेळा एक अत्यंत नम्र मुलगी म्हणाली की मुदत पुढच्या सप्टेंबरात पुन्हा उघडेल.

बायको माझ्याशी बोलत नाही. ऐकू येतंय मला.

४ ऑक्टोबर, शनिवार

पंधरा पायऱ्या चढलो. भावजयीचा वर्ग चालू होता, म्हणून धाकटा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून बुटांना पॉलिश करत होता. मी दोन पायऱ्या खाली बसलो. थोरला खाली, धाकटा वर. वेळच तशी होती.

सगळं सांगितलं. तीन पत्ते, बावीस वेळा वाजवणं, सकाळचे नकार मोजणं, दोन कप चहा. मेल आला होता हे सांगितलं. सत्तावीस तारखेला बोट टिचकीवर होतं हेही सांगितलं. ते सांगितलं नसतं तर सगळं अज्ञानाच्या खाती गेलं असतं, आणि ती पळवाट मला परवापासून फार सुंदर दिसत होती.

ब्रश थांबला होता.

"न्यायालयात बसतोस ना तू?" तो म्हणाला. "वीस वर्षं? दोन्ही बाजू ऐकून घेतात म्हणे तिथं."

"हो."

"तुला एक बाजू ऐकायला पंधरा पायऱ्या जास्त झाल्या."

"हो."

"आणि मी एकतीस वेळा कडी वाजवत होतो, ते तू खाली बसून मोजत होतास."

यावर हो म्हणवेना. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. लहानपणी तो फार छान ओरडायचा. त्यानं दुसरा बूट उचलला, टाच पुसली, जोडी नीट लावून ठेवली.

"ते काढून टाक," म्हणाला.

"कोठारावरचं? आत्ता काढतो."

"सगळं नाही. बाकीच्यांना राहू दे बाहेर. तेवढी एक आत घे."

मी अर्धा उठलो होतो, तो परत पायरीवर बसलो.

"मी लिफ्टमध्ये ऐकणार, दाताच्या डॉक्टरकडे ऐकणार. इथे घरात तूही ऐक. वर्षभर. आवाज बंद करायचा नाही." मग उठला आणि आत गेला. दार आपटलं नाही. हळूच ओढून घेतलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

काल संध्याकाळी काळ्या यादीतून तिन्ही पत्ते काढले, आणि तयार यादीतही ते होते म्हणून मुद्दाम अपवादात घातले. आता जगातल्या लाखो जाहिरातींपैकी एकच या घरात येऊ शकते.

सकाळी सव्वासहाला दैनिकाचं पान उघडलं. सगळ्या चौकटी पांढऱ्या. साबण नाही, विमा नाही, कुणाचं काही नाही. फक्त उजव्या कोपऱ्यात ती. "चला रे दोघांनो," श्वास, "पुरे झाली सुट्टी!"

ती संपायच्या आत छतातून तीच हाक पुन्हा आली, अर्ध्या क्षणानं मागे. वर धाकट्यानंही पान उघडलं होतं.

बायको चहा घेऊन दारात थांबली. मी आवाज कमी केला नाही. पान पुन्हा उघडलं.

आजचा धरून तीनशे साठ दिवस.